प्रेमलताचा फोटो

प्रेमलता गेली त्याच्या आठव्या दिवशी मी डबा घेऊन कवडूभाऊंच्या स्टुडिओत गेले आणि त्यांना तोंडावर बोलले. म्हटलं, "पस्तीस वर्षं अख्ख्या सौंसर तालुक्याचे लग्नं काढले तुम्ही, अन् घरच्या बाईचा एक धड फोटो नाही तुमच्यापाशी. लाज वाटाले पाहिजे, कवडूभाऊ." ज्याच्या घरचं माणूस आठ दिवसांपूर्वी गेलं, त्याच्याशी असं कोणी बोलत नाही. मी बोलले. एकतीस वर्षं मास्तरकी केली की जीभ अशीच होते.

त्यांनी मान वर केली नाही. कॉम्प्युटरसमोर बसले होते, बाजूला जुन्या हार्ड डिस्क रचून ठेवलेल्या. "पाहून राहिलो, मॅडम," एवढंच म्हणाले.

तेरवीला पाच दिवस राहिले होते. तेरवीला पाटावर फोटो लागतो. त्याला हार घालतात, पुढे दिवा लावतात, येणारा प्रत्येक माणूस एक फूल वाहतो आणि मग पंगतीला बसतो. फोटो नसला तर माणूस कुठे बघून हात जोडणार? एरवी गावात कुणी गेलं की लोक आधी कवडूभाऊंकडेच येत. कुठल्या तरी लग्नातल्या गर्दीतून तो चेहरा शोधून, कापून, मोठा करून ते दुसऱ्या दिवशी फ्रेम हातात ठेवत. माझ्या सासऱ्यांचा फोटोसुद्धा त्यांनीच असा काढून दिला होता. आता त्यांच्याच घरची वेळ आली आणि त्यांना चेहरा सापडत नव्हता.

कवडू खोडे मूळचे रामाकोन्याचे. घरी कापूस होता, थोडी संत्र्याची झाडं होती, पण शेतीत मन लागेना म्हणून सौंसरला भिवाजींच्या स्टुडिओत लागले. भिवाजी कडक माणूस. उजेड मोजायचा, अंदाजानं काढायचा नाही, एवढा एकच धडा त्यांनी दिला आणि तो कवडूभाऊंनी जन्मभर पुरवला. तेव्हाच्या फ्लॅशला काही कळत नसे. तो आपला एकसारखा चमकायचा. जवळचा माणूस पांढरा फटक व्हायचा आणि लांबचा अंधारात जायचा. म्हणून कवडूभाऊंच्या खिशात एक सुतळी असे, तिला तीन गाठी. पाच फुटांवर एक, सातावर दुसरी, दहावर तिसरी. नवरी पहिल्या गाठीवर असली तर अपर्चर, म्हणजे उजेड आत यायचं भोक, सोळावर, दुसरीवर अकरा, तिसरीवर आठ. फोटो काढायच्या आधी ते खरोखर सुतळी ताणून बघत. नवरीच्या पाळण्याचं माप घ्यायला सुतार आला का, असं लोक विचारत. पण त्यांचा फोटो कधी जळाला नाही, कधी काळा पडला नाही, हेही तेच लोक सांगत.

त्यांचा स्वतःच्या लग्नाचा फोटो मात्र चुकला. लग्न लोधीखेड्याला होतं, त्र्याण्णव साली, गोरज मुहूर्तावर. नवरदेवच फोटोग्राफर, मग फोटो काढणार कोण? त्यांनी आपला जुना रशियन कॅमेरा मोतीराम नावाच्या मित्राच्या हातात दिला. दुपारी उन्हात वरातीचे फोटो काढायला शटर वेगात लावून दिलं होतं. संध्याकाळी नवा रोल भरून फ्लॅश चढवला तेव्हा ते हळू करायला पाहिजे होतं, कारण त्या कॅमेऱ्याचा पडदा वेगात असला तर फ्लॅश चमकतो त्या क्षणी तो अर्धाच उघडा असतो. बाशिंग बांधलेल्या कवडूभाऊंना ते आठवलं नाही, आणि मोतीरामला ते ठाऊकच नव्हतं. तो रोल धुतला तर सगळ्या फोटोंत डावी बाजू लख्ख, उजवी बाजू काळी. नवरी नवरदेवाच्या डावीकडे बसते, म्हणजे फोटोत उजवीकडे येते. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत कवडूभाऊ एकटेच लग्न लावून बसले होते.

त्यांनी एक ठेवून बाकीचे फाडले. प्रेमलता मात्र हसली. "माहा फोटो निघतच नाही," असं ती तेव्हापासून म्हणायला लागली. आधी ती थट्टा होती. पुढे सवय झाली. कोणी मोबाइल वर केला की ती हात आडवा धरायची, नाही तर पाठ फिरवायची. कवडूभाऊ म्हणायचे, एक दिवस फुरसतीनं काढू. लग्नसराईत फुरसत नसते आणि लग्नसराई नसली की काढायला कारण नसतं. असं करता करता एकतीस वर्षं गेली. ही गोष्ट मला आजही माफ करावीशी वाटत नाही.

खरं तर ती त्यांच्या प्रत्येक फोटोत हजर होती. रोहित, त्यांचा मुलगा, शाळेत जायला लागला तशी ती नवऱ्याबरोबर लग्नांना जायला लागली. पांढुर्ण्यापासून थेट छिंदवाड्यापर्यंत. बांबूच्या काठीला दुसरा फ्लॅश बांधलेला असे. ती काठी घेऊन ती नवरीच्या मागे उकिडवी बसायची, कोणाला दिसू नये अशी. समोरून कवडूभाऊंनी बटण दाबलं की मागचा फ्लॅशही चमकायचा आणि नवरीच्या केसांना, शालूच्या पदराला उजेडाची बारीक कड यायची. त्या कडेसाठी लोक त्यांना लांबून बोलवत. मंगलाष्टकं संपेपर्यंत ती तशीच बसलेली असायची. गुडघे गेले तिचे त्यात.

आणि प्रत्येक लग्नात पहिला फोटो तिच्या तळहाताचा. नवरी यायच्या आधी प्रेमलता चौरंगाजवळ उभी राहायची आणि हात वर करायची. कवडूभाऊ त्या हातावर फ्लॅश मारून उजेड बरोबर आहे का ते तपासायचे. तळहात चेहऱ्यापेक्षा उजळ असतो, म्हणून तो जरासा जास्त उजळ आला की चेहरा बरोबर येणार, असा त्यांचा हिशोब. हात ठीक आला की ती बाजूला व्हायची आणि काठी घेऊन मागे जाऊन बसायची.

त्या दिवशी त्यांनी मला स्क्रीनवर ते हात दाखवले. एकेका लग्नाचं फोल्डर उघडत होते. पहिला फोटो हात. दुसऱ्याचा पहिला फोटो हात. कधी बांगड्या हिरव्या, कधी लाल, कधी बोटांना हळद. अंगठ्याखाली विळ्यानं कापल्याची जुनी खूण सगळीकडे. आठ दिवसांत त्यांनी चारशेच्या वर लग्नं उघडून पाहिली होती. हात चारशे, तोंड एकही नाही. मला एकाएकी तिथे बसवेना.

तरी मी विचारलं, "नवरीच्या मागं नसेल तेव्हा तं हॉलमध्येच होती नं? जेवताना, उभी असताना? कुठंतरी मागं आली असंल."

"आली असंल. पण काळी आली." त्यांनी एक फोटो उघडला. पुढे नवरा-नवरी घास भरवताना, मागे काळोख. त्यांनी तो काळोख कॉम्प्युटरवर उजळवत नेला. राखाडी झाला, मग त्यात नुसती रेतीसारखी कचकच दिसायला लागली. त्या रेतीत एक उभा आकार होता. तो बाईचा आहे की खांबाचा, ते सांगता येत नव्हतं.

"एका फोटोत दोन उजेड असते, मॅडम," ते म्हणाले. आठ दिवसांत पहिल्यांदा ते एवढं बोलले. "एक फ्लॅशचा. तो पापणी लवायच्या आत येते अन् जाते. शटर हळू ठेवा का जोरात ठेवा, त्याले फरक नाही पडत. त्याले समजते अपर्चर अन् अंतर. दुसरा उजेड बल्बाचा, ट्यूबलाइटचा. तो हळूहळू जमा होते. शटर जेवढा वेळ उघडा, तेवढा जमा होते. मी शटर ठेवतो सव्वाशेवर. सेकंदाचे सव्वाशे हिस्से केले, त्यातला एक. तेवढ्यात बल्बाचा उजेड जमाच नाही होत. समोरचा माणूस चकाचक येते अन् मागचं सारं बुडते."

"मंग हळू काऊन नाही ठेवलं?"

"ठेवता येते. पंधरावर ठेवलं तर मागचं सारं येते. पण लोकायले नाही पाहिजे थे. भिंतीचे पोपडे येते, उष्ट्या पत्रावळी येते, जांभया देणारे पाहुणे येते. शटर सव्वाशे, अपर्चर आठ, हेच पाहिजे राहते सगळ्यायले." मग म्हणाले, "तुम्हीबी म्हनलं होतं अमृताच्या लग्नात."

म्हटलं होतं. माझ्या लेकीच्या लग्नाच्या त्या हॉलच्या भिंतीला ओल आली होती आणि जावयाकडचे लोक पांढुर्ण्याचे मोठे व्यापारी. मागचं काही दिसू देऊ नका, असं मी चार वेळा बजावलं होतं. मी डबा ठेवला आणि निघून आले.

दहाव्या दिवशी रोहित नागपूरहून परत आला. आईला तिथल्याच दवाखान्यात नेलं होतं; तिला अग्नी दिल्यावर तिथली उरलेली कामं उरकायला तो पुन्हा गेला होता. त्याच्या मोबाइलमध्ये आईचे तीन फोटो होते. एकात हात आडवा. एकात ती शेगडीपुढे पाठमोरी. तिसऱ्यात नखाएवढी, लांब उभी. मग आधार कार्ड काढलं. त्यावरचा फोटो तर सगळ्यांचाच वाईट असतो, पण हिचे डोळे अर्धे मिटलेले आणि चेहरा पांढरा पडलेला. रोहितनं तो मोबाइलमधल्या कुठल्याशा ॲपला दिला. मिनिटभरात एक बाई तयार झाली. गोरी, भुवया कोरलेल्या, मोठे डोळे, ओठांवर हसू. रोहितनं ती वडिलांना दाखवली.

कवडूभाऊंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "चांगली आहे," म्हणाले. "कोण आहे ही?"

रोहित बाहेर जाऊन पायरीवर बसला आणि रडला. बाप उठून त्याच्याजवळ गेला नाही. पुन्हा डिस्क लावून बसला. मला त्या माणसाचा इतका राग आला की त्याच्या पाठीत दोन धपाटे घालावेत असं वाटलं. तीन दिवस राहिले होते, पोरगं बाहेर रडत होतं आणि हा चारशे लग्नं पुन्हा पहिल्यापासून बघत होता.

घरी येऊन मी अमृताच्या लग्नाचा अल्बम काढला. म्हटलं, आपण तरी बघू. पान उलटत गेले. सगळीकडे माझी लेक झळकत होती आणि तिच्या मागे काळोख होता. केसांना ती सुंदर कड. ती कड जिथून येत होती तिथे प्रेमलता बसलेली होती, हे मला तेवढ्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

रवींद्र, माझे यजमान, पेपर वाचत होते. ते म्हणाले, "एकात आली होती ना ती. हसत होती. घास भरवतानाचा."

"कुठे आहे तो?"

"अल्बममध्ये कसा असेल? तू काटला होतास."

आणि मग मला ते सगळं लख्ख आठवलं. आठवू नये असं वाटत असताना आठवलं.

लग्न झालं की कवडूभाऊ सगळे फोटो बारीक बारीक करून कागदांवर छापून द्यायचे. घरच्यांनी बसून नको असतील त्यांवर काट मारायची, उरलेल्यांचा अल्बम व्हायचा. मी शाळेतला लाल पेन घेऊन स्टुडिओतच बसले होते. घास भरवतानाच्या एका फोटोत गर्दीत कोणाचा तरी धक्का लागून कॅमेऱ्याचं चाक फिरलं होतं आणि शटर हळू झालं होतं. त्यामुळे मागचं सगळं आलं होतं. पिवळे दिवे, ओली भिंत, खुर्च्या. अमृता आणि जावई हसत एकमेकांपासून बाजूला झुकले होते, आणि दोघांच्या मधोमध प्रेमलता. गुडघे दुखले म्हणून ती उठून उभी राहिली असावी. काठी खाली, फ्लॅश जमिनीकडे, पदर खांद्यावरून घसरलेला. ती मनापासून हसत होती, दात दिसत होते, आणि ट्यूबलाइटचा उजेड तिच्या चेहऱ्यावर सरळ पडला होता.

मी म्हणाले होते, "लग्न अमृताचं होतं का प्रेमलताचं? मधातच येऊन उभी राहिली."

प्रेमलता तिथेच होती, चहा गाळत होती. तीसुद्धा हसली. "काटा बाई, काटा. माहं थोबाड कोन पाहते."

मी काटला. परीक्षेच्या पेपरावर मारते तशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काट मारली.

बाराव्या दिवशी मी स्टुडिओत गेले तेव्हा डिस्क आवरून ठेवल्या होत्या. कवडूभाऊ फ्रेम पुसत बसले होते. फ्रेम रिकामी होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "अमृताच्या लग्नातला तो फोटो. घास भरवतानाचा."

"हो."

"तुम्हाले आठवते?"

"पहिल्या दिवशी त्याचीच डिस्क लावली, मॅडम. नाही आहे."

मला ठाऊक होतं तो का नाही. फार वर्षांपूर्वी लोधीखेड्याच्या एका मुलीचा काटलेला फोटो स्टुडिओत राहिला होता, कुणीतरी तो उचलून नेला आणि त्यावरून तिच्या सासरी मोठं भांडण झालं. तेव्हापासून कवडूभाऊंनी नियम केला. ज्यावर घरच्यांनी काट मारली तो फोटो त्याच दिवशी पुसून टाकायचा. हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही. त्यांच्यावर आमचा विश्वास होता तो अशाच गोष्टींमुळे.

"आठव्या दिवशी मी तुम्हाले एवढं बोलली," मी म्हणाले. "तुम्ही काऊन नाही सांगतलं?"

"काय सांगू? तुम्ही बरोबरच काटला होता. शटर पंधरावर गेलं होतं. हात हलला होता माहा. जावयाच्या कानाजवळ उजेडाची रेघ आली होती." त्यांनी फ्रेमची काच तोंडाच्या वाफेनं धुरकट केली आणि पुन्हा पुसली. "भिवाजीनं पाहिला असता तर फाडला असता."

मग काच पुसता पुसता म्हणाले, "रोज पंधरावर ठेवलं असतं तर रोज आली असती थे. दिवे काही कमी नव्हते हॉलमध्ये. मीच तो उजेड जमा होऊ देल्ला नाही."

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही आणि जायलाही सांगितलं नाही.

तेरवीला अंगणात पाट मांडला, दिवा लावला. लग्नातला एक अर्धा काळा फोटो होता ट्रंकेत, पण त्यात कवडूभाऊ जिवंत बसलेले. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. पाटावर फ्रेम ठेवली होती आणि तिच्यात एक तळहात होता. बोटं वर, बांगड्या हिरव्या, अंगठ्याखाली विळ्याची खूण. उजेड कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. हातामागे सगळं काळं.

कवडूभाऊंचे काका, बापूजी, रामाकोन्याहून आले होते. डोळ्यांना कमी दिसतं. ते फ्रेमच्या अगदी जवळ गेले, मग मागे वळून म्हणाले, "हे काय ठेवलं बे, कवडू? बाईचा फोटो नाही का?"

"हाच आहे, बापूजी," कवडूभाऊ म्हणाले.

बायका आपसात कुजबुजल्या. कोणी म्हणालं, वेड लागलं म्हाताऱ्याला. कोणी म्हणालं, एवढा फोटोग्राफर असून. मी ऐकत होते. हेच मी पाच दिवसांपूर्वी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि आता त्या बायकांना गप्प करायचीही मला सोय नव्हती.

माझी पाळी आली तेव्हा मी झेंडूचं फूल वाहिलं आणि हात जोडले. समोर तिचा हात तेवढा होता. तोंडावर मीच काट मारली होती.